ट्रॅक्टरच्या बॅटरीवर कॅमेरा, राउटर, मोबाईल आणि रेडिओ: जागलीच्या मचाणावरची जोडणी

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चुकलं असेल तर तुम्हाला सांगता येईल. वावर गावापासून लांब आहे. हरभऱ्याला रानडुकरं आणि रोही लागलेत म्हणून तुम्ही रात्री जागलीला जाता. मचाणावर वीज नाही. ट्रॅक्टरची जुनी ७५ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) बॅटरी घरी पडून आहे, आणि ट्रॅक्टरवर नवी आहेच. त्यावर १२ व्होल्टचा सिमवाला राउटर, ५ व्होल्टचा कॅमेरा, दोन मोबाईल, एक एलईडी बल्ब आणि वडिलांचा ९ व्होल्टचा रेडिओ चालवायचा आहे. गावातला एक जण म्हणतो रेझिस्टन्स लाव, दुसरा म्हणतो छोटा इन्व्हर्टर घे. आणि तुम्ही विचारता की १२ व्होल्टचे ५ आणि ९ कसे करायचे.

१२ चे ५ करणं यात सगळ्यात सोपं आहे, त्याचं सामान तालुक्याच्या बाजारात मिळतं. माझ्याकडे वर्धा जिल्ह्यातून जे शेतकरी जळालेला राउटर किंवा बसलेली बॅटरी घेऊन येतात, त्यांचं बहुतेकांचं बिघडतं ते दोन दुसऱ्याच ठिकाणी. एक, बॅटरी किती रिकामी होऊ द्यायची याचा हिशोब नसतो. दोन, बॅटरीपाशी फ्यूज नसतो. म्हणून व्होल्टचं आधी सांगतो, पण या दोन गोष्टींवर जास्त लिहितो.

१२ व्होल्टची बॅटरी १२ व्होल्टवर फारच थोडा वेळ असते. पूर्ण भरून काही तास शांत ठेवली की मीटरवर १२.६ ते १२.७ दिसतं. निम्मी उतरली की १२.२ च्या आसपास. ११.८ वर ती जवळपास संपलेली असते. चार्जिंग चालू असताना तीच बॅटरी १४.४ पर्यंत चढते. ट्रॅक्टरला सेल्फ मारला की क्षणभर ९-१० वर आदळते, थंडीत त्याहूनही खाली. म्हणजे तुमच्या वस्तूंना दिवसभरात ११ पासून १४.५ पर्यंत काहीही मिळू शकतं. बल्बला याचं काही वाटत नाही, पण कॅमेऱ्याला वाटतं.

आता रेझिस्टन्सचं. रेझिस्टन्सवर किती व्होल्ट अडतील हे त्यातून किती करंट जातो यावर ठरतं. कॅमेरा दिवसा समजा ०.३ अँपिअर घेतो आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की १ अँपिअर. रात्रीच्या १ अँपिअरला ५ व्होल्ट मिळावेत म्हणून ७ ओहमचा रेझिस्टन्स लावला, तर दिवसा ०.३ अँपिअरला त्यावर फक्त २.१ व्होल्ट अडतील आणि कॅमेऱ्याकडे १० व्होल्ट जातील. कॅमेरा गेला. शिवाय तो रेझिस्टन्स रात्रभर ७ वॅटची उष्णता टाकत बसणार. पॅनेलवरच्या एका छोट्या इंडिकेटरला रेझिस्टन्स ठीक आहे. जिचा करंट कमीजास्त होतो अशा कोणत्याही वस्तूला तो लावू नका.

इन्व्हर्टरनं काम होतं, पण बॅटरी खातं. १२ चे २३० करायचे आणि मग मोबाईलच्या अडॅप्टरनं २३० चे परत ५ करायचे, यात दोन्ही वेळा वीज वाया जाते. छोटा इन्व्हर्टर काहीही न जोडता नुसता चालू ठेवला तरी अर्धा-एक अँपिअर घेत राहतो. बारा तासांच्या रात्रीत तेच ६ ते १२ एएच होतात. तुमचा सगळा लोड किती आहे ते खाली काढलंय, त्याच्याशी ताडून बघा. आणि मचाणावर, दवात ओल्या झालेल्या लाकडावर २३० व्होल्ट नेण्याची गरजच काय?

मोबाईल आणि कॅमेऱ्यासाठी सरळ कारचा यूएसबी चार्जर घ्या, चांगल्या कंपनीचा, १२/२४ व्होल्ट लिहिलेला. त्याच्या आत बक कन्व्हर्टरच असतो, म्हणजे फार वाया न घालवता व्होल्ट कमी करणारं सर्किट. तो बॅटरी ११ वर असो की १४ वर, बाहेर ५ व्होल्टच देतो आणि फार गरमही होत नाही. त्याचं सॉकेट वेगळं विकत मिळतं. कॅमेऱ्याला एक पोर्ट, मोबाईलला बाकीचे. कॅमेऱ्याची यूएसबी वायर लांब नको, दोन-तीन मीटर फार झाली. ५ व्होल्टवर बारीक वायरमध्ये अर्धा व्होल्ट पडला तरी कॅमेरा रात्री सारखा रिस्टार्ट होतो, आणि लोक कॅमेऱ्याला दोष देतात. कॅमेरा धुऱ्यावर लांब लावायचा असेल तर तिथपर्यंत १२ व्होल्टच न्या आणि ५ व्होल्ट कॅमेऱ्यापाशी करा.

काही जण बाजारातलं एलएम २५९६ चं उघडं मॉड्यूल घेतात, तोही बक कन्व्हर्टरच. हरकत नाही, मीही वापरतो. त्यावर ३ अँपिअर लिहिलेलं असतं, पण दीड-दोनच्या वर नेऊ नका. वस्तू जोडायच्या आधी मॉड्यूलला बॅटरी द्या, बाहेरच्या बाजूला मीटर लावा, छोटा स्क्रू फिरवून ५.१ व्होल्ट करा आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका, म्हणजे हादऱ्यानं हलणार नाही. नवं मॉड्यूल कोणत्या व्होल्टवर ठेवून आलंय ते बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून हे आधी.

राउटर १२ व्होल्टचाच आहे तर थेट जोडू का, हे राउटरवर अवलंबून आहे. आतून बरेच राउटर ३.३ किंवा ५ व्होल्टवरच चालतात, त्यामुळे ११.५ ला ते कुरकुर करत नाहीत. वरच्या बाजूला १४.४ सोसेल की नाही हे मात्र प्रत्येकाचं वेगळं. रात्री चार्जिंग नसताना थेट जोडला तर बहुधा चालेल. दिवसा सोलरवर चार्ज होत असतानाही चालू ठेवणार असाल तर मध्ये १२ व्होल्टचा बक-बूस्ट कन्व्हर्टर घाला, तो व्होल्ट कमीही करतो आणि वाढवतोही. साधा बक इथे उपयोगाचा नाही, तो फक्त कमी करतो, बॅटरी ११.९ वर आली की त्यातून पूर्ण १२ निघणार नाहीत. राउटरच्या पिनचा प्लस आत आहे की बाहेर, हे अडॅप्टरवरच्या गोल खुणेवरून बघा. बहुतेकदा मध्ये प्लस असतो, पण मीटर लावून खात्री केल्याशिवाय पिन घालू नका.

वडिलांच्या रेडिओसाठी माझा सल्ला उलटा आहे. इथे जुना ७८०९ हा तीन पायांचा रेग्युलेटरच लावा. तो जास्तीचे व्होल्ट उष्णतेत घालवतो, म्हणून एरवी मी तो टाळतो. ७८०५ वर १ अँपिअरचा मोबाईल लावला तर ७ वॅट नुसते तापण्यात जातात. पण रेडिओ घेतो जेमतेम ०.१ अँपिअर. १२.७ मधून ९ काढताना अर्ध्या वॅटपेक्षा कमी उष्णता, हीटसिंकचीही गरज नाही. आणि फायदा मोठा: बक कन्व्हर्टर आत सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो, त्याची खरखर मिडियम वेव्हवर ऐकू येते. एलएम २५९६ साधारण १५० किलोहर्ट्झवर चालतो. त्याची चौपट ६००, आणि आकाशवाणी नागपूर ५८५ वर. म्हणजे बातम्या आणि शेतीचे कार्यक्रम ज्या ठिकाणी लागतात तिथेच खरखर येणार. ७८०९ मुळे रेडिओच्या वायरीतून येणारी खरखर कमी होते, तो स्वतः आवाज करत नाही. तरीही थोडी आली तर रेडिओ कन्व्हर्टरांपासून हातभर लांब ठेवा, आणि राउटरची वायर रेडिओजवळून नेऊ नका. बॅटरी ११ च्या खाली गेली की ७८०९ नीट ९ देत नाही, पण तिथपर्यंत बॅटरी जाऊच द्यायची नाही.

आता हिशोब. संध्याकाळी ६ ते सकाळी ६ धरतो. तुमच्या वस्तूंवर छापलेले आकडे हे जास्तीत जास्त घेण्याचे असतात, प्रत्यक्षात कमी लागतं. मी माझ्या मापांवरून मधले धरतोय. कॅमेरा रात्री ५ वॅट, बारा तासांचे ६० वॅट-तास, कन्व्हर्टरमध्ये जाणारं धरून ७०. राउटर ६ वॅट, बारा तासांचे ७२, म्हणजे ८० धरा. ९ वॅटचा एलईडी बल्ब चार तास, ३६. दोन मोबाईल रिकामे ते पूर्ण, मिळून ४५. रेडिओ चार-पाच. बेरीज २३५ वॅट-तास. भागिले १२ केलं की २० एएचच्या जवळ.

७५ मधून २० म्हणजे पाव भागाच्या थोडं वर. ऐकायला काहीच नाही, पण बॅटरी कोणती हे इथे महत्त्वाचं आहे. ट्रॅक्टरची किंवा कारची बॅटरी सेल्फ मारण्यासाठी बनवलेली असते. आत पातळ आणि जास्त प्लेटा असतात, कारण तिला दोन-तीन सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे असतात आणि लगेच अल्टरनेटरवर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा डायनमो) भरून घ्यायचं असतं. तिला रोज निम्म्यापर्यंत उतरवलं तर एका हंगामातच ती बसते. इन्व्हर्टरची किंवा सोलरची ट्युब्युलर बॅटरी उलट आहे. तिच्या प्लेटा जाड, झटक्यात फार करंट देत नाही, पण रोज उतरणं-चढणं वर्षानुवर्षं सहन करते. बैल आणि घोडा दोघंही ओढतात, पण डवऱ्याला आपण बैलच जुंपतो.

म्हणून ट्रॅक्टरवरच्या नव्या बॅटरीवरून रात्रभर काही चालवू नका. सकाळी सेल्फ लागला नाही तर दोन किलोमीटरवर धक्का द्यायला कोण येणार? दुसरं कारण त्याहून मोठं आहे. ट्रॅक्टर चालू असताना टर्मिनल ढिलं असेल आणि क्षणभर सुटलं, तर अल्टरनेटरचे व्होल्ट एकदम उसळून पन्नासच्याही वर जाऊ शकतात. एलएम २५९६ ची सहनशक्ती ४० व्होल्टपर्यंत. तो गेला की कधीकधी सगळे व्होल्ट पुढे सोडतो आणि मागची वस्तू घेऊन जातो. नांगरटीच्या दिवशी मोबाईल चार्ज करायचा असेल तर ट्रॅक्टर सुरू झाल्यावर जोडा, बंद करण्याआधी काढा, आणि टर्मिनल आधी आवळलेली असू द्या.

घरी पडलेल्या जुन्या बॅटरीवर ७५ लिहिलंय, पण तिच्यात आता किती उरलंय ते बघावं लागेल. त्याची सोपी परीक्षा आहे. पाणी बघा, प्लेटा उघड्या असतील तर बुडेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर टाका. अ‍ॅसिड टाकू नका आणि बोअरचं पाणी तर मुळीच नको. चार्जरवर पूर्ण भरा, रात्रभर तशीच ठेवा. सकाळी १२.६ दिसलं पाहिजे. मग ट्रॅक्टरचा जुना हेडलाइटचा ६० वॅटचा बल्ब लावा. तो ५ अँपिअर घेतो, म्हणजे चार तासांत बरोबर २० एएच, तुमच्या एका रात्रीइतके. चार तासांनी बल्ब चालू असतानाच मीटर लावा. १२ च्या वर असेल तर बॅटरी एक हंगाम काढेल, खुशाल वापरा. दीड-दोन तासांतच ११.५ वर आली तर तिच्यावर आणखी पैसे घालू नका, नवी घेताना बदल्यात द्या. नवी घ्यायची झाली तर ६० ते ८० एएचची सोलर ट्युब्युलर घ्या. ४० ची स्वस्त पडते, पण रोज निम्मी उतरेल.

रात्री उतरलेली बॅटरी दिवसा कशी भरणार, हे तुम्ही लिहिलेलं नाही. घरी आणून चार्ज करणार असाल तर वीस-पंचवीस किलोचं ओझं रोज बंडीवर किंवा गाडीवर. आठ दिवसांत कंटाळा येईल आणि बॅटरी अर्धवट भरलेली राहील. लेड-अ‍ॅसिड बॅटरीला अर्धवट ठेवणं हे जास्त उतरवण्याइतकंच वाईट, प्लेटांवर पांढरा सल्फेट धरतो. मी १०० वॅटचं पॅनेल सुचवेन. आपल्याकडे हरभऱ्याच्या दिवसांत, डिसेंबर ते फेब्रुवारी, आकाश स्वच्छ असतं. पूर्ण उन्हात पॅनेल ५ ते साडेपाच अँपिअर देतं आणि दिवसाचे पाच तास धरले तर २५ एएच भरतात. तुमच्या २० ला तेवढं लागतंच, कारण भरताना थोडं वाया जातं. पावसाळ्यात तुरी-पऱ्हाटीच्या जागलीला हे पुरणार नाही. तेव्हा राउटर रात्रीच, तोही गरजेपुरता चालवा किंवा दुसरं पॅनेल जोडा.

पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये १० अँपिअरचा चार्ज कंट्रोलर लागतो. त्याला लोडची वेगळी जोडणी असते, तिचा उपयोग करा. बॅटरी ठरलेल्या व्होल्टच्या खाली गेली की तो लोड आपोआप तोडतो. स्वस्त कंट्रोलरमध्ये हा कट-ऑफ बहुधा १०.७ वर ठेवलेला असतो, तोवर बॅटरी पार मेलेली असते. सेटिंगमध्ये जाऊन तो ११.८ करा. आणखी एक बारकावा: अशा कंट्रोलरमध्ये कट-ऑफ बऱ्याचदा मायनसच्या बाजूनं होतो. लोडचा प्लस कंट्रोलरवर आणि मायनस सरळ बॅटरीवर जोडला, तर कट-ऑफ कामच करत नाही. दोन्ही वायरी लोडच्याच टर्मिनलला जोडा. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल.

आता फ्यूज. हे वाचून सोडून देऊ नका. बॅटरी १२ व्होल्टची आहे, हात लावला तरी शॉक बसत नाही, म्हणून लोक तिला गरीब समजतात. पण शॉर्ट झाली तर जुनी बॅटरीसुद्धा काहीशे अँपिअर सोडते. बारीक वायर एका क्षणात लाल होते, तिचं प्लास्टिक पेट घेतं. आणि मचाणावर असतं काय? कुटार, तणस, तुराट्या, गोधडी. त्यावर झोपलेला माणूस. उंदीर वायर कुरतडतो, खिळ्यावर घासून सोलते, बाजेचा पाय वायरीवर येतो. शॉर्ट व्हायला फार काही लागत नाही.

फ्यूज बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरात हवा. वायरीच्या दुसऱ्या टोकाला, वस्तूपाशी लावलेला फ्यूज मधल्या वायरीला वाचवत नाही. गाडीतला पात्याचा फ्यूज आणि त्याचा वायरवाला होल्डर घ्या. बॅटरीपाशी १० अँपिअरचा, लाल रंगाचा. पुढे बल्ब, राउटर आणि यूएसबी अशा फांद्या फुटतात तिथे प्रत्येकीला ३ चा, जांभळा. यूएसबीवर एकावेळी दोन मोबाईल आणि कॅमेरा असेल तर ५ चा. रेडिओलाही स्वतःचा छोटा फ्यूज द्या. फ्यूज गेला तर तेवढ्याच आकड्याचा घाला आणि का गेला ते शोधा. तिथे तार गुंडाळू नका.

बॅटरी मचाणावर चढवू नका. खाली, सावलीत, जमिनीपासून विटांवर, हवा खेळती राहील अशा पेटीत ठेवा. भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून बंद डब्यात नको आणि झाकण उघडताना बिडी नको. पाना लावण्याआधी हातातलं कडं आणि अंगठी काढा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि उष्णतेनं बॅटरीचं आयुष्य झपाट्यानं कमी होतं. तेव्हा पाणी महिन्यातून दोनदा बघा आणि जागल नसेल तर बॅटरी घरी सावलीत आणा.

खालून वर मचाणापर्यंत वायर कोणती, हे अंतरावर आहे. १ एमएमची तांब्याची वायर २० मीटर नेली तर जाऊन-येऊन ४० मीटर होते, साधारण पाऊण ओहम. २ अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच जातात, १२.२ ची बॅटरी वर १०.७ दिसते आणि राउटर बंद पडतो. अडीच एमएम घेतली तर तेच नुकसान अर्ध्या व्होल्टच्या थोडं वर. पाच-सात मीटर असेल तर दीड एमएम पुरे. अ‍ॅल्युमिनियमची सर्व्हिस वायर उरलेली आहे म्हणून वापरू नका, पिळलेल्या जोडावर ती गंजते आणि गरम होते.

भंडाऱ्याकडचे धिवर बांधव तलावावर डोंग्यातून रात्री जाळं टाकायला जातात, त्यांनाही मी हेच सांगतो, फक्त माप लहान. ७ एएचची सीलबंद बॅटरी, ५ वॅटचा एलईडी, सहा तासांत अडीच एएच. फ्यूज तिथेही हवाच, आणि जोडांवर व्हॅसलिन.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण तुमच्या वावराला झटका मशीन (कुंपणाच्या तारेत झटके सोडणारी) असेल असं धरून सांगतो. तिला तिची वेगळी बॅटरी आणि वेगळी अर्थिंग ठेवा. त्याच बॅटरीवर राउटर-कॅमेरा लावले तर झटक्याचा परत येणारा करंट या नाजूक वस्तूंमध्ये शिरू शकतो. आणि झटका मशीन बिघडली म्हणून पंपाच्या लाइनवरून तारेत २३० सोडायचा विचार एका रात्रीसाठीही नको. झटक्याची मशीन क्षणभर धक्का देऊन सोडते, लाइनचा करंट सोडत नाही. आपल्या भागात त्या तारांना लागून माणसं गेलीत, वाघ-बिबटे गेलेत, आणि तार लावणारा जेलमध्ये गेलाय.

जुन्या बॅटरीची हेडलाइटवाली परीक्षा करून चार तासांनंतरचा आकडा कळवा, आणि बॅटरीपासून कॅमेऱ्यापर्यंत किती मीटर आहे तेही. राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय याचा फोटो टाकलात तर तो थेट जोडायचा की बक-बूस्ट लावायचा हेही नक्की सांगता येईल.